पाच मिनिटांचे काका: घरातून चाललेल्या गांजाविक्रीचा एक प्रकरण अभ्यास

पुढे ज्या कुटुंबाचे वर्णन आहे ते अभ्यासासाठी रचलेले आहे. कोणत्याही एका घराची हकिगत येथे सांगितलेली नाही. कायदा, औषधशास्त्र आणि संशोधन यांविषयी जे म्हटले आहे ते मात्र प्रत्यक्षातले आहे. घरातून अमली पदार्थ विकले जातात म्हटले की डोळ्यांसमोर टोळी, शस्त्रे आणि रोकडीने भरलेल्या पिशव्या उभ्या राहतात, आणि नेमक्या त्या चित्रामुळे अशी घरे नजरेतून सुटतात. कारण या घरात दप्तरे रात्रीच भरून ठेवली जात होती, विजेचे बिल मुदतीच्या आत भरले जात होते आणि आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी चुकत नव्हत्या.

घरात पाच माणसे. वडील ४३ वर्षांचे, यंत्रदुरुस्तीची कामे कंत्राटावर घेणारे. आई ४० वर्षांची, एका दवाखान्यात हिशेब पाहणारी. थोरली मुलगी १५ वर्षांची, धाकटा मुलगा ९ वर्षांचा. पाचवी आजी, म्हणजे वडिलांची आई, वय ७१. घर तिच्या नावावर आहे. विक्री सुमारे साडेतीन वर्षे चालली.

ओढणारा विकणारा कसा झाला

वडील महाविद्यालयात असल्यापासून संध्याकाळी गांजा ओढत. लग्नानंतर ते प्रमाण कमी झाले, पण सुटले नाही, आणि आईनेही ते एखाद्या जुन्या खोडीसारखे चालवून घेतले. ज्या मित्राकडून ते पुडी घेत तो दुसरीकडे राहायला गेला तेव्हा त्याने जाताना स्वतःच्या विक्रेत्याशी ओळख करून दिली. हा विक्रेता सुटी पुडी देत नसे. एका माणसाला महिनाभरात लागेल त्याच्या चौपट माल एकदम उचलावा लागे. वडिलांनी तो उचलला, घरच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचे चार भाग केले आणि तीन भाग खरेदीच्याच भावाने तीन मित्रांना दिले.

संशोधक या प्रकाराला ‘सामाजिक पुरवठा’ म्हणतात. नफा नाही, अनोळखी गिऱ्हाईक नाही, आणि पुरवणारा माणूस स्वतःला विक्रेता समजत नाही. कायद्याला मात्र बहुतेक ठिकाणी हा भेद मान्य नसतो, फार तर शिक्षा ठरवताना तो विचारात घेतला जातो. वर्षभरानंतर वडिलांनी ‘येण्याजाण्याचा खर्च’ म्हणून प्रत्येक पुडीमागे थोडी रक्कम वाढवली. त्यातून त्यांचे स्वतःचे ओढणे फुकटात निघू लागले. मग एका मोठ्या कंत्राटाचे पैसे अडकले आणि घरदुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचे दोन हप्ते या पैशांतून भरले गेले. तीन मित्रांचे बारा जण झाले, बारांचे वीस. या साखळीत एकही टप्पा असा नव्हता की ज्यावर माणूस थबकून ‘आता मी गुन्हेगार होणार’ असे म्हणेल.

ग्रेशॅम साईक्स आणि डेव्हिड मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ साली असे मांडले की कायदा मोडणारे बहुतेक लोक समाजाचे नियम नाकारत नाहीत. ते नियम मान्य करूनच आपल्यापुरती सूट शोधतात. जबाबदारी नाकारणे, इजा नाकारणे, कोणी बळी आहे हेच नाकारणे, दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवणे आणि अधिक मोठ्या निष्ठेचा हवाला देणे, अशा पाच पद्धती त्यांनी नोंदवल्या. वडिलांच्या तोंडी यांतल्या तीन कायम असत. ‘झाडपाल्याने कोणाचे काय बिघडते’, ‘दारूवर कर घेणाऱ्यांनी मला शिकवू नये’, आणि सर्वांत जास्त वेळा, ‘हे सगळे मी घरासाठीच करतो आहे’. तिसरे वाक्य खोटे नव्हते, आणि त्यामुळेच घरात त्याला उत्तर सापडत नसे.

आईचे नियम

आईला सारा प्रकार आठव्या महिन्यात कळला. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने अटी घातल्या: मुले घरात जागी असताना माल मोजायचा नाही, आठवड्याला पुरेल त्याहून जास्त घरात ठेवायचा नाही, अनोळखी माणूस दारात आणायचा नाही, आणि मुलांच्या खोलीत काहीही लपवायचे नाही. तिला वाटले की तिने धंद्याला लगाम घातला.

माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण पहिली विक्री हा नाही. तो हा तिसरा दिवस आहे. तोवर घरात एका माणसाचे एक गैरकृत्य होते. अटी घातल्यानंतर त्याला वेळापत्रक मिळाले, साठ्याची मर्यादा मिळाली आणि गिऱ्हाईक निवडण्याची पद्धत मिळाली. म्हणजे आतापर्यंत ज्याची वानवा होती ते व्यवस्थापन मिळाले, आणि तेही घरातल्या सर्वांत काटेकोर माणसाकडून. विरोध नोंदवायला गेलेली बाई अशी भागीदार होऊन परतली. आईवर टीका करणे सोपे आहे, पण तिच्यापुढे जे पर्याय होते, म्हणजे नवऱ्याची तक्रार करणे, मुलांना घेऊन बाहेर पडणे किंवा गप्प राहणे, ते सगळे तिला त्या आठवड्यात अटींपेक्षा महाग वाटले.

नियम पाळायचे तर घराच्या दिनक्रमाचा आधार घ्यावा लागे. मुलाला खेळाच्या सरावाला सोडायला वडील आठवड्यातून तीनदा गाडी काढत, आणि वाटेत दोन ठिकाणी पाच मिनिटे थांबत. ‘तसेही जायचेच असते’ असे ते म्हणत. मागच्या आसनावर गणवेशातला मुलगा बसलेली गाडी कोणालाही संशयास्पद वाटत नाही, ही गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. परंतु मुलाला ताप आला त्या आठवड्यात त्यांनी ती फेरी एकट्याने केली नाही, पुढे ढकलली. गिऱ्हाइकांच्या येण्याच्या वेळा आजीच्या दुपारच्या झोपेवर बेतल्या गेल्या. वाढदिवसाला जे पाहुणे येत त्यांतले निम्मे खरेदीदार असत. घर आणि धंदा यांच्यामध्ये भिंत उभी करण्याच्या प्रयत्नात घरातली प्रत्येक सवय धंद्याच्या कामाला लावली गेली.

वजनकाट्याचेही तसेच झाले. आईने दुसरा काटा आणायला सांगितला होता. तो आणला गेला, पण कपाटात मागे ठेवलेला काटा काढण्यापेक्षा ओट्यावरचा घेणे सोपे पडे, आणि काही महिन्यांत कोणता काटा कशाचा हे कोणालाच नक्की सांगता येईना.

पैशांचा प्रश्न

पैसा रोख येई आणि रोखच खर्च होई. भाजी, इंधन, मुलांचे कपडे, आजीची औषधे हे सगळे या रोकडीतून भागे आणि पगार बँकेत साठत राही. त्यामुळे कागदावर घर काटकसरी दिसे. आई घरखर्चाची वही लिहीत असे. तिच्यात ‘इतर जमा’ असा एक रकाना होता. साडेतीन वर्षांत त्या रकान्यात एकही आकडा लिहिला गेला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाने स्वतःच्या वहीत एक रकाना आखावा आणि तो रिकामा ठेवावा, यापेक्षा नेमका पुरावा कोणत्याही तपास अधिकाऱ्याला मिळणार नाही.

पुढे समुपदेशनात या दोघांना प्रथमच पूर्ण हिशेब मांडायला सांगितले गेले तेव्हा चित्र वेगळे निघाले. वडील स्वतः ओढत तो माल, थकलेली आणि बुडालेली उधारी, इंधन, गिऱ्हाइकांच्या निरोपांना उत्तरे देण्यात गेलेले तास आणि ‘कोणी येईल’ म्हणून नाकारलेली संध्याकाळची दुरुस्तीची कामे हे सगळे वजा केले तर उरलेली रक्कम त्या नाकारलेल्या कामांच्या मोबदल्याहून फारशी जास्त नव्हती. कायदेशीर काम करत करत विक्री करणारे लोक अपवादात्मक नसतात. पीटर रॉयटर, रॉबर्ट मॅककून आणि पॅट्रिक मर्फी यांनी वॉशिंग्टन शहरातील विक्रेत्यांवरचा जो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला त्यात अनेक जण नोकरी सांभाळून दिवसातले मोजके तास विक्री करताना आढळले; नोकरीत तासाला सुमारे ७ डॉलर आणि विक्रीत सुमारे ३० डॉलर अशी त्यांची कमाई होती. तिथला व्यवहार बराचसा कोकेनचा होता आणि तो रस्त्यावर चालत होता, म्हणून ती तुलना या घराला जशीच्या तशी लागू करता येत नाही. पण तासाचा दर मोठा दिसतो तो तुरुंगाचा धोका आणि न मोजलेला वेळ बाजूला ठेवला तरच, हे दोन्हीकडे खरे आहे.

मुलांना काय ठाऊक होते

आईवडिलांची ठाम समजूत होती की मुलांना काही माहीत नाही. मुलीला दोन वर्षांपासून माहीत होते.

तिला ते वासावरून कळले. गांजाच्या उग्र वासामागे टर्पीन नावाची संयुगे तर असतातच, पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की त्यातला सर्वांत भेदक भाग गंधकयुक्त संयुगांचा असतो आणि ती अगदी अल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. भावाची खेळाची पिशवी गाडीच्या डिकीतून आणताना तिला तो वास आला. तिने कोणाला विचारले नाही. मैत्रिणींना घरी बोलावणे तिने हळूहळू बंद केले, घंटी वाजली की भावाच्या आधी दारापाशी पोचायची सवय लावून घेतली आणि ‘बाबांचे मित्र काय काम करतात’ असे शाळेत कोणी विचारले तर काय सांगायचे हे भावाला पढवले. भाऊ त्या माणसांना ‘पाच मिनिटांचे काका’ म्हणत असे, कारण ते कधी बसत नसत आणि पाणीसुद्धा पीत नसत. घरात सगळे त्या नावावर हसत. मुलगी हसत नसे, आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही.

आईवडील मुलांपासून धंदा लपवत होते आणि मुलगी आईवडिलांपासून आपल्याला तो ठाऊक असल्याचे लपवत होती. यातला दुसरा थर पहिल्यापेक्षा जास्त थकवणारा आहे, कारण पहिल्यात निदान दोन माणसे एकमेकांशी बोलू शकतात. मूल आईबापांची काळजी वाहू लागते, त्यांना सांभाळून घेते, धाकट्यांचे रक्षण करते, अशा स्थितीचे वर्णन इव्हान बोसोर्मेनी-नागी यांनी १९७० च्या दशकात केले आणि कुटुंबोपचारात ते आजही वापरले जाते. या मुलीचे गुण घसरले नव्हते. उलट ती अधिक जबाबदार, अधिक शांत, ‘अजिबात त्रास न देणारी’ झाली होती, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिची त्याबद्दल स्तुती होती. अशा वेळी शिक्षकांनी चूक केली असे म्हणवत नाही. एखादे मूल वयाच्या मानाने फार समजूतदार असेल तर त्याची चौकशी करण्याची रीतच नसते.

निळी पिशवी

एका संध्याकाळी आजी न्हाणीघरात घसरून पडली. आईवडील तिला घेऊन रुग्णालयात गेले. दोन्ही मुले घरी राहिली. त्याच वेळी एक गिऱ्हाईक आले. त्याने पैसे आधीच दिले होते आणि परत जायची त्याची तयारी नव्हती. त्याने वडिलांना निरोप धाडला. वडिलांनी रुग्णालयाच्या दाराशी उभे राहून मुलीला लिहिले: ‘कपाटातली निळी पिशवी काकांना दे, बाकी काही विचारू नकोस.’ मुलीने काही विचारले नाही. विचारण्यासारखे तिच्यासाठी काही उरलेच नव्हते.

पाच आठवड्यांनी तेच गिऱ्हाईक दुसऱ्या एका ठिकाणी पकडले गेले, त्याच्या फोनवरून वडिलांचा माग लागला आणि घराची झडती झाली. माल फार सापडला नाही. आईचा आठवड्याचा नियम पाळला जात होता. वडिलांचा फोन जप्त झाला आणि त्यात तो नऊ शब्दांचा निरोप मिळाला. झडतीत सापडलेल्या मालापेक्षा या निरोपाने प्रकरणाचे वजन अधिक बदलले.

कायदा अशा घराकडे कसा पाहतो

मुलांचा अमली पदार्थांच्या बेकायदा उत्पादनात आणि व्यापारात वापर होऊ देणार नाही, असे बंधन संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा ३३ वा अनुच्छेद सदस्य देशांवर घालतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार अशा वापराला बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांत धरतो. २०२० साली संघटनेच्या सर्व, म्हणजे १८७ सदस्य देशांनी तो मान्य केला. मुलीने एकदाच, एका मिनिटासाठी पिशवी दिली. तिला आपण ‘काम करतो’ असे वाटले नव्हते आणि वडिलांनाही ते काम वाटले नव्हते, पण या कसोट्यांपुढे त्याने फरक पडत नाही.

देशोदेशीचे कायदे हीच रेषा आपापल्या भाषेत ओढतात. भारतात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानुसार गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोंहून अधिक असल्यास धरली जाते. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर व्यापारी मात्रेला किमान १० वर्षे, अशी दोन टोके आहेत. या मोजपट्टीवर असे घर खालच्या बाजूला येते. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७८ वे कलम मुलाचा अमली पदार्थ विकण्यासाठी, नेण्यासाठी किंवा पुरवण्यासाठी वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते, आणि तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही. ब्रिटनमध्ये २००५ च्या दुरुस्तीनंतर १८ वर्षांखालील व्यक्तीचा वाहक म्हणून केलेला वापर शिक्षा वाढवणारी बाब ठरतो.

गांजा कायदेशीर असता तर हे सगळे टळले असते, असे वडील नंतर म्हणाले. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा खुला केला, तरी परवान्याविना विक्री हा तिथे गुन्हाच आहे आणि अल्पवयीन व्यक्तीचा अशा गुन्ह्यात वापर केल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरात ५० ग्रॅमपर्यंत गांजा आणि तीन झाडे ठेवण्याची मुभा दिली. विकण्याची दिली नाही. वडिलांचे संध्याकाळचे ओढणे या देशांत बिनघोर झाले असते. निळी पिशवी नसती झाली.

आजीचा प्रश्न वेगळा आहे. तिला काही माहीत नव्हते आणि घर तिचे होते. भारताच्या १९८५ च्या त्याच अमली पदार्थ कायद्याच्या २५ व्या कलमात घरमालकाने जाणूनबुजून परवानगी दिली असली पाहिजे. ब्रिटनच्या १९७१ च्या अमली पदार्थ कायद्याचे आठवे कलमही जाणीवपूर्वक दिलेल्या मुभेविषयीच बोलते. अमेरिकेत मात्र २००२ साली रकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी असे ठरवले की सरकारी अनुदानाच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला कुटुंबीयांच्या किंवा पाहुण्यांच्या अमली पदार्थांच्या व्यवहाराबद्दल, तो त्याला ठाऊक नसला तरी, घराबाहेर काढता येते. त्या खटल्यातील वृद्ध भाडेकरूंपैकी दोघांचे नातू वाहनतळावर गांजा ओढताना सापडले होते. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या आजीवर ती वेळ आली नसती. पण झडतीच्या सकाळी तिच्या हातात कागद दिला गेला तेव्हा तिला कोणी कलमे समजावून सांगितली नाहीत. चष्मा सापडेपर्यंत ती तो कागद उलटा धरून उभी होती.

झडतीनंतर

वडील जामिनावर सुटले. पहिला आठवडा त्यांना झोप लागेना, भूक मेली आणि ते क्षुल्लक गोष्टींवर चिडू लागले. घरच्यांनी ते अटकेच्या धक्क्यामुळे असल्याचे मानले. ते अंशतःच खरे होते. रोज गांजा ओढणाऱ्याने तो अचानक थांबवला की हीच लक्षणे येतात, पहिल्या आठवड्यात ती सर्वाधिक असतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतात; अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्यांची स्वतंत्र नोंद झाली आहे. विक्री सुरू होती तोवर माल कधी संपतच नसल्याने वडिलांना आपण अवलंबून आहोत हे कळायची संधीच मिळाली नव्हती. यावर मान्यताप्राप्त औषध नाही, बोलून केलेल्या उपचारांचा मात्र उपयोग होतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि ४५० प्रौढांवर केलेल्या अमेरिकी चाचणीत दोन सत्रांपेक्षा नऊ सत्रे घेणाऱ्यांचे ओढणे अधिक कमी झाले. वडिलांनी नऊपैकी सात सत्रे पुरी केली.

कुटुंबाच्या एकत्र सत्रांत समुपदेशकांनी सर्वांत आधी आईवडिलांना मुलांपुढे सगळे उघड सांगायला लावले. वडिलांनी तयारी करून भाषणच केले. ते संपल्यावर मुलगी म्हणाली, ‘बाबा, मला माहीत होतं,’ आणि मग धाकटाही म्हणाला की त्यालाही माहीत होते. त्याला ‘पाच मिनिटांचे काका’ हे नाव खरोखर सुचले होते, की मोठ्यांना कळावे म्हणून तो ते मुद्दाम मोठ्याने म्हणत असे, हे त्याला विचारल्यावर त्याने खांदे उडवले.

दुसरी सूचना साधी होती: घंटी वाजली की दार मोठ्यांनीच उघडायचे, आणि मुलीने जागेवरून उठायचे नाही. आई आणि वडील यांना हे आठवडाभरात जमले. मुलीला जमायला चार महिने लागले. ती उठत नसे, पण घंटी वाजली की हातातले पुस्तक मिटून भावाकडे पाहत असे, आणि दारातला माणूस आत येऊन बसला, त्याने पाणी मागितले, की मग पुन्हा पान शोधू लागे.